चोवीस सेंटिमीटरांची महानौका

दोन बंदरांच्या दरम्यान ठरलेल्या मार्गाने, ठरलेल्या तारखेला आणि हवामानाची फारशी भीडभाड न बाळगता प्रवाशांची ने-आण करणाऱ्या मोठ्या जहाजाला लायनर म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्यास न्यूयॉर्कहून साउथॅम्प्टनला किंवा ल हाव्रला अटलांटिक महासागर ओलांडून जाणारी अशी जहाजे ही माणसाने तोवर बनवलेल्या चालत्या वस्तूंपैकी सर्वांत मोठ्या वस्तूंत मोडत. त्यांचा एक हजार दोनशे पन्नासावा अंश मात्र पुस्तकांच्या कपाटात, शब्दकोशाच्या पुढ्यात उरलेल्या जागेत, आडवा मावतो. त्याला खलाशी लागत नाहीत, इंधन लागत नाही, तो कोणाला कोठेही नेत नाही, आणि तरीही तो मिळवण्यासाठी एरवी भाजी घेताना घासाघीस करणारी प्रौढ माणसे आनंदाने पदरमोड करतात.

या अंशाला लघुप्रतिकृती म्हणतात आणि खेळण्यापासून तिचा भेद करणे हे या क्षेत्रातील पहिले शास्त्रीय कर्तव्य समजले जाते. घरातल्या मुलाला जिला हात लावू दिला जातो ती वस्तू खेळणे होय, आणि जिला स्वतः मालकही हात लावायला कचरतो ती प्रतिकृती होय, ही व्याख्या कोणत्याही ग्रंथात नसली तरी व्यवहारात ती सर्वत्र पाळली जाते. प्रतिकृती सहसा कथील-शिशाच्या मिश्रधातूत किंवा रेझिन नावाच्या कृत्रिम राळेत ओतून काढतात, तिच्यावर हाताने रंग देतात, आणि डोलकाठ्या, कठडे, क्रेन असे नाजूक अवयव पितळेच्या पातळ पत्र्यातून आम्लाने कोरून तिला चिकटवतात. त्यांतील निदान एक अवयव पार्सल उघडताना खोक्याच्या तळाशी सुटा सापडतो, तो पुन्हा चिकटवताना दुसरा निसटतो, आणि या क्रमाने संग्राहकाचा शनिवार जातो.

या प्रतिकृतींचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य असे की त्यांना बूड नसते. जहाज पाण्यावर तरंगत असताना त्याच्या अंगावर पाणी जेथवर पोचते त्या रेषेला जलरेषा म्हणतात. या रेषेखालचा सगळा भाग कापून टाकून प्रतिकृती सपाट केलेली असते, म्हणजे ती कपाटाच्या फळीवर ठेवली की फळीलाच समुद्र मानण्याची जबाबदारी पाहणाऱ्यावर येते. पाहुण्यांपैकी अनेकांना ही जबाबदारी पेलत नाही आणि ते जहाज उचलून खाली काय आहे ते पाहतात. खाली काहीच नसते, निर्मात्याचे नाव आणि एक क्रमांक एवढेच असते.

मात्र एका जहाजाच्या बाबतीत ही कापाकापी अत्यंत उचित ठरते. ते जहाज म्हणजे एस. एस. युनायटेड स्टेट्स. विल्यम फ्रान्सिस गिब्ज या अमेरिकी नौकारचनाकाराने आखलेले, व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज येथे बांधलेले हे ९९० फूट लांबीचे जहाज जुलै १९५२ मध्ये पहिल्या सफरीवर निघाले. त्याच्या सुमारे पावणेआठ कोटी डॉलर खर्चातील मोठा वाटा अमेरिकी सरकारने उचलला होता, कारण युद्ध उद्भवल्यास हेच जहाज हजारो सैनिकांची वाहतूक करणार होते. साहजिकच त्याच्या तळाचा आकार आणि पाण्याखालचे पंखे ही सरकारी गुपिते झाली, आणि ते नेहमीप्रमाणे उतारावरून समुद्रात सोडून न देता गोदीत बांधून, गोदीतच पाणी भरून तरंगवले गेले, म्हणजे पोट कोणाच्या नजरेस पडू नये. एवढा बंदोबस्त करूनही काळाच्या ओघात ते गुपित उघड झालेच. जलरेषेवर कापलेल्या प्रतिकृतीतून मात्र ते आजतागायत फुटलेले नाही, आणि त्या कामी नौदलाचा एकही पहारेकरी खर्ची पडला नाही.

गिब्ज यांना आगीची विलक्षण धास्ती होती, आणि ती अनाठायी नव्हती. १९३४ साली मॉरो कॅसल हे प्रवासी जहाज न्यू जर्सीच्या किनाऱ्यालगत पेटून शंभरावर माणसे दगावली होती, आणि १९४२ साली नॉर्मंडी हे फ्रान्सचे देखणे लायनर न्यूयॉर्कच्या धक्क्याला बांधलेले असतानाच जळून कलंडले होते. म्हणून गिब्ज यांनी आपल्या जहाजातून लाकूड जवळजवळ हद्दपार केले; कपडे अडकवायचे हँगरसुद्धा अ‍ॅल्युमिनियमचे केले, आणि खाटकाचा ओंडका व पियानो या दोनच वस्तू लाकडी राहिल्याचे मोठ्या अभिमानाने सांगितले जाई. पियानोही अ‍ॅल्युमिनियमचा करून मिळावा अशी त्यांची इच्छा होती, पण पियानो बनवणाऱ्या स्टाइनवे कंपनीने ती मानली नाही. अशा या माणसाच्या जन्मभराच्या स्वप्नाची प्रतिकृती आज बहुधा महोगनीच्या चकचकीत बैठकीवर बसवलेली, लाकडी कपाटात, लाकडी चौकटीच्या काचेआड, वाचनाच्या दिव्याच्या उबेत ठेवलेली असते.

प्रमाणाचा विचार येथे जरा सविस्तर करणे भाग आहे, कारण या छंदातील सारे सौख्य आणि सारे वैर त्यातूनच उगवते. १:१२५० या प्रमाणात युनायटेड स्टेट्स २४ सेंटिमीटरांहून किंचित जास्त भरते, पावणेसहा फुटी प्रवासी १.४ मिलिमीटरचा होतो, आणि जहाजाच्या अंगावरील अर्ध्या दशांश मिलिमीटरचा रंगाचा थर प्रत्यक्षात सहा सेंटिमीटर जाडीच्या गिलाव्यासारखा ठरतो. दशांश मिलिमीटर जाडीच्या पितळी पत्र्यातून काढलेला कठडा डोळ्यांना कोळ्याच्या धाग्यासारखा वाटतो, पण हिशेब मांडला तर त्याचा गज साडेबारा सेंटिमीटर जाड निघतो, म्हणजे डेकवरून लाटा बघू पाहणाऱ्या प्रवाशांपुढे निर्मात्याने तुरुंगाचे फाटक बसवलेले असते. लाकडी डेकच्या फळ्या दाखवण्यासाठी कोरलेल्या रेघा या न्यायाने चर ठरतात, आणि त्या असाव्यात की नसाव्यात या प्रश्नावर संग्राहकांचे दोन पंथ पडलेले असून त्यांच्यात एकमेकांच्या कपाटांविषयी आदराने बोलण्याची प्रथा नाही. साधी घरमाशी सात-आठ मिलिमीटरची असते. ती बोटडेकवर, म्हणजे संकटकाळी उतरवायच्या होड्या जेथे टांगलेल्या असतात त्या मजल्यावर, येऊन बसली की तिची लांबी नऊ-दहा मीटर भरते आणि एक होडी जास्त झाल्याचा भास होतो.

वेगाचा हिशेब याहून करुण आहे. अटलांटिक सर्वाधिक सरासरी वेगाने ओलांडणाऱ्या जहाजाकडे ‘निळी फीत’ हा मान जाई, आणि क्वीन मेरीकडे १९३८ पासून असलेला हा मान युनायटेड स्टेट्सने पहिल्याच सफरीत हिसकावून घेतला; पूर्वेकडे जाताना तर ते ३ दिवस, १० तास आणि ४० मिनिटांत, ताशी सरासरी ३५.५९ सागरी मैलांच्या वेगाने पोचले. हा वेग १२५० ने भागला तर सेकंदाला दीड सेंटिमीटरहूनही थोडा कमी पडतो. मीटरभर लांबीची फळी ओलांडायला जगातील सर्वांत वेगवान लायनरला या हिशेबाने सव्वा मिनिटाच्या आतबाहेर वेळ लागेल आणि त्याच फळीवरून साखरेच्या वासाने निघालेली मुंगी त्याला मागे टाकील. महासागरही त्याच प्रमाणात आटतो. साडेपाच हजार किलोमीटरांच्या आसपासचे ते अंतर साडेचार किलोमीटरांच्याही आत येते, म्हणजे मधुमेही गृहस्थाला डॉक्टरांनी सांगितलेल्या सकाळच्या फेरीएवढे. ते कापायला मात्र लघुजहाजालाही ३ दिवस, १० तास आणि ४० मिनिटेच लागतात.

वजनाच्या बाबतीत प्रतिकृती सरळसरळ खोटे बोलते, हे नमूद केले पाहिजे. लांबी १२५० पट घटली की आकारमान १२५० चा घन, म्हणजे सुमारे १९५ कोटी पट घटते. भरल्या अवस्थेतील ४७ हजार टनांच्या जहाजाचे वजन त्यामुळे अवघे २४ ग्रॅम होते. प्रत्यक्षात ओतीव धातूची प्रतिकृती याच्या कित्येक पट जड असते, तेही खालचा भाग कापून टाकल्यानंतर. जहाजाचा वरचा भाग हलका व्हावा म्हणून गिब्ज यांनी सुमारे २,००० टन अ‍ॅल्युमिनियम वापरले. प्रतिकृतीकाराने त्याच भागात शिसे ओतले. बादलीत सोडल्यास ही महानौका आपल्या सर्व धुराड्यांसह थेट तळाशी जाईल, आणि संग्राहकही अनुभवाने नव्हे तर नुसत्या तर्काने हे ओळखून असतात, असे मानणे सभ्यपणाचे आहे.

आता वैराकडे. जर्मनीत विकिंग या निर्मात्याने दुसऱ्या महायुद्धापूर्वीच १:१२५० हे प्रमाण रूढ केले आणि युरोपच्या भूमीवर तेच टिकले. इंग्लंड-अमेरिकेत मात्र शंभर फुटांना एक इंच हा हिशेब सोपा पडत असल्यामुळे १:१२०० हे प्रमाण प्रिय झाले. फरक अवघा चार टक्क्यांचा आहे आणि सामान्य माणसाला तो दिसतही नाही, पण इतिहास उलथवायला तेवढा पुरतो. क्वीन मेरी हे युनायटेड स्टेट्सपेक्षा नऊ मीटर लांब होते. आता जर्मन प्रमाणातील क्वीन मेरी २४.९ सेंटिमीटरांची आणि इंग्रजी प्रमाणातील युनायटेड स्टेट्स २५.१ सेंटिमीटरांचे अशी दोन जहाजे एका फळीवर आली, तर अमेरिकी जहाज ब्रिटिश जहाजाहून लांब होऊन बसते. वेगात हरलेल्या क्वीन मेरीचा लांबीचा मानही एका फळीवरच्या निष्काळजीपणाने जावा, हे खऱ्या संग्राहकाला सहन होत नाही, आणि म्हणून तो दोन प्रमाणांना दोन फळ्या देतो, जशा काही घरांत सोवळ्याच्या आणि ओवळ्याच्या भांड्यांना दिलेल्या असत.

या वंशाचा पूर्वेतिहास तसा युद्धखोर आहे. महायुद्धात शत्रूचे जहाज दुरून, नुसत्या आकृतीवरून ओळखता यावे म्हणून दोन्ही बाजूंचे नौदल अधिकारी आणि वैमानिक याच प्रमाणांतील प्रतिकृती समोर ठेवून अभ्यास करीत. टेबलावरच्या चिमुकल्या जहाजाकडे एक डोळा मिटून, हनुवटी टेबलाला टेकवून पाहण्याची जी मुद्रा आज दिवाणखान्यातील संग्राहकाच्या ठायी दिसते, तिला अशी लष्करी परंपरा आहे, आणि घरच्या मंडळींनी तिची थट्टा करण्यापूर्वी हे ध्यानात घ्यायला हरकत नाही. शांततेच्या काळात लायनर कंपन्यांनी तिकीटविक्रीच्या कचेऱ्यांच्या दर्शनी खिडक्यांत मोठमोठ्या प्रतिकृती मांडल्या. रस्त्यावरून जाणाऱ्याने जहाज पाहावे आणि तिकीट काढावे, असा त्यामागे हेतू होता. अनेकांनी जहाज पाहिले.

प्रतिकृतींच्या इतिहासातील सर्वांत मनोहर वेळ ब्रिटनमधील ट्राय-अँग या खेळणी-कंपनीने साधली. तिने १९५८ साली ‘मिनिक शिप्स’ ही १:१२०० प्रमाणातील धातूची जहाजे बाजारात आणली. त्यांत क्वीन मेरी आणि क्वीन एलिझाबेथ या दोन्ही क्वीन होत्या, युनायटेड स्टेट्स होते, त्यांना लागायला धक्के, शेड आणि क्रेन होते, आणि जमिनीवरून ढकलता यावे म्हणून जहाजांच्या सपाट पोटाखाली छोटी चाके दडवलेली होती. चाकांवर धावणारे क्वीन एलिझाबेथ पाहून शुद्धतावादी संग्राहकाच्या कपाळाला आजही आठी पडते, पण त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात अटलांटिकवर जेट विमानांची प्रवासी सेवा सुरू झाली, आणि तीन-चार दिवसांचा प्रवास काही तासांवर आला, हे लक्षात घेता लायनरला पाण्याऐवजी जमिनीवरची चाके बसवण्यात कंपनीने काही भलते केले असे म्हणवत नाही. खरी जहाजे रिकामी धावू लागली तेव्हा ही चाकांची जहाजे इंग्लंडच्या दिवाणखान्यांतून भरगच्च वेळापत्रकाने फिरत होती. साठच्या दशकाच्या मध्याला त्यांचेही उत्पादन थांबले. आज त्यांचे मूल्य ठरवताना जहाजापेक्षा मूळच्या पुठ्ठ्याच्या खोक्याकडे अधिक बारकाईने पाहिले जाते. खोके शाबूत असणे याचा अर्थ त्या मुलाने जहाजाशी खेळण्याचा आनंद फारसा घेतला नाही, आणि त्याच्या त्या संयमाची किंमत साठ वर्षांनंतर दुसरा कोणी तरी मोजतो.

संग्राहकांचे वर्गीकरण अनेकांनी करून पाहिले असले तरी ते सर्व एका टोकाला जाऊन मिळतात, आणि ते टोक हॅम्बुर्गला आहे. पीटर टाम या जर्मन वृत्तपत्र-व्यवस्थापकाला वयाच्या सहाव्या वर्षी, १९३४ साली, आईने १:१२५० प्रमाणातील एक छोटे जहाज दिले. मुलाला वस्तू देताना मातापित्यांनी किती विचार करावा याचे हे उदाहरण होय, कारण पुढे त्या जहाजामागे हजारो जहाजे आली, घर पुरेना, आणि २००८ साली एक जुने बहुमजली गोदाम त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संग्रहालय म्हणून उघडावे लागले. लहान संग्राहक घरी कपाटाचा विषय निघाला की टाम यांचे नाव घेतो. आपल्याला एक फळीच हवी आहे, बहुमजली गोदाम नव्हे, असे त्याला त्यातून सुचवायचे असते.

पाहुण्यांचा उपद्रव हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे, पण तो एका वाक्यात आटोपता येतो: कपाटात कोणतेही जहाज असो, त्याला एक धुराडे असो, दोन असोत की तीन, पाहुणा ‘हे टायटॅनिक का?’ असे विचारतो. संग्राहकाकडे टायटॅनिकही असते, परंतु ते सर्वांकडे असते म्हणून त्याने ते मागच्या रांगेत ढकललेले असते. त्याचे खरे प्रेम अशा जहाजांवर असते ज्यांची नावे पाहुण्याला सांगावी लागतात. उदाहरणार्थ इटलीचे अँड्रिया डोरिया: जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या मार्गावर आलेले, चित्रांनी आणि शिल्पांनी सजवलेले, आणि तीन वर्गांच्या प्रवाशांसाठी उघड्या डेकवर पोहण्याचे तीन निरनिराळे तलाव असलेले हे जहाज १:१२५० मध्ये सतरा सेंटिमीटरांचे होते. त्याचे तिन्ही तलाव म्हणजे निळ्या रंगाचे तीन थेंब असतात, आणि पहिल्या वर्गाचा थेंब तिसऱ्या वर्गाच्या थेंबाहून अधिक निळा देण्याची कंपनीची निष्ठा रंगाऱ्याने काही पाळलेली नसते. २५ जुलै १९५६ च्या रात्री नँटकेट बेटाच्या दक्षिणेस धुक्यात स्वीडनच्या स्टॉकहोम या जहाजाची नाळ त्याच्या कुशीत घुसली, दोन्ही जहाजांवर मिळून ५१ माणसे मृत्यू पावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अँड्रिया डोरिया बुडाले. स्टॉकहोम दुरुस्त होऊन निरनिराळ्या नावांनी अनेक दशके चालत राहिले. संग्राहकाकडे दोन्ही असतात, आणि जागेची कितीही टंचाई असली तरी तो त्यांना शेजारी ठेवीत नाही.

एकाच जहाजासाठी अनेकदा पैसे मोजण्याची सोय फ्रान्सच्या एस. एस. फ्रान्सने करून दिली. १९६२ साली, म्हणजे विमानांनी बाजी मारल्यानंतर, राष्ट्राभिमानाच्या बळावर अटलांटिकवर उतरलेले हे ३१६ मीटरांचे जहाज तेव्हाचे जगातील सर्वांत लांब प्रवासी जहाज होते, आणि त्याच्या दोन्ही धुराड्यांना धूर बाजूला फेकण्यासाठी पंख होते, जे प्रतिकृतीत हमखास वाकतात. पुढे तेच जहाज नॉर्वेजियन मालकांनी घेऊन नॉर्वे या नावाने सहलीचे जहाज केले, त्याची धुराडी निळी झाली, आणि १९९० साली त्याच्या डोक्यावर आणखी दोन मजले चढले. ज्याच्याकडे फक्त फ्रान्स आहे त्याचा संग्रह अपुरा. ज्याच्याकडे फ्रान्स आणि निळे नॉर्वे आहे त्यालाही मजले चढवलेले नॉर्वे घ्यावेच लागते. शेवटी ब्लू लेडी या नावाने ते २००६ साली गुजरातच्या अलंग येथे भंगारासाठी आले, त्यातील अ‍ॅस्बेस्टॉसवरून वाद पेटला, सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली तोडणीस परवानगी दिली, आणि लोखंडाच्या भावाने महासागराची शान विकली गेली. त्यापूर्वी नाळेचे टोक मात्र कापून वेगळे ठेवले होते. ते २००९ साली पॅरिसच्या लिलावात अडीच लाख युरोंहून अधिक किमतीला विकले गेले. प्रमाणाच्या सर्व भांडणांना कंटाळलेल्या संग्राहकाला १:१ या निर्विवाद प्रमाणातील प्रतिकृती, निदान एका टोकापुरती, अशा रीतीने उपलब्ध झाली होती; कठड्याची जाडी बिनचूक, रंगाचा थर अस्सल, फक्त फळी जरा भक्कम हवी.

युनायटेड स्टेट्सचे पुढे काय झाले हे सांगितल्याशिवाय विषय पुरा होत नाही. १९६९ साली ते सेवेतून निघाले, १९८४ साली त्याचे आतले सामान लिलावात गेले, १९९६ पासून ते फिलाडेल्फियाच्या धक्क्याला रंग उडालेल्या अवस्थेत उभे राहिले, आणि त्याची निळी-पांढरी-तांबडी धुराडी इतकी फिकट झाली की प्रतिकृतीचा तांबडा रंग बरोबर आहे की नाही हे मूळ जहाज पाहून ठरवण्याचा मार्गही बंद झाला. अखेर फ्लोरिडातील ओकालूसा काउंटीने ते २०२४ साली विकत घेतले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते ओढत अलाबामातील मोबाइल बंदराकडे नेण्यात आले. तेथे साफसफाई करून मग समुद्रात बुडवायचे, म्हणजे त्याच्या आश्रयाने मासे वाढतील आणि पाणबुड्यांना प्रेक्षणीय स्थळ मिळेल, अशी योजना ठरली. योजनेचे गुणदोष तज्ज्ञांनी तपासावेत, पण जलरेषेवर कापलेल्या प्रतिकृतींच्या दृष्टीने तिच्यातून एक तांत्रिक पेच उभा राहतो: समुद्रतळावरच्या जहाजाची जलरेषा धुराड्यांच्याही बऱ्याच वर असते, तेव्हा नियमाप्रमाणे या शेवटच्या अवस्थेची प्रतिकृती म्हणजे रिकामी महोगनी आणि तिच्यावर पितळेची नावपट्टी एवढेच उरेल. शास्त्रशुद्ध असूनही ती खपणे अवघड आहे. म्हणून एखादा निर्माता बहुधा नियम मोडील आणि जहाज पोटासकट, पंख्यांसकट, गिब्ज यांच्या सर्व गुपितांसकट पारदर्शक राळेत बुडवून विकायला काढील, सभोवती १:१२५० प्रमाणातील मासे सोडील, जे पाव मिलिमीटरचे असतील, आणि पहिल्याच आठवड्यात कोणी तरी भिंग लावून त्याला कळवील की मेक्सिकोच्या आखातातील त्या जातीच्या माशाची शेपटी इतकी पिवळी नसते.